सहा सिलेंडरच्या जुन्या पिकअपला स्वस्तात मफलर: मोजण्यापासून शेवटचा क्लॅम्प आवळेपर्यंत

अमेरिकेत जुना पिकअप घेतलाय आणि आता खालून भडभड आवाज यायला लागलाय, अशांसाठी हे लिहितोय. माझी गाडी १९९४ ची फोर्ड एफ-१५०, ४.९ लिटरचं सरळ रेषेतलं सहा सिलेंडरचं इंजिन. राहायला डेट्रॉइटजवळ, म्हणजे हिवाळाभर रस्त्यावर मीठ. गाडीचं काम काय तर लाकूड आणणं, बागेची माती आणणं आणि गणपतीत मंडळाच्या मखराचा सांगाडा हॉलवर पोचवणं. फोर्डने हे इंजिन १९६५ ते १९९६ बनवलं, यूपीएसच्या तपकिरी डिलिव्हरी गाड्यांतसुद्धा हेच असायचं, आणि इंजिन टिकतं हो, पण त्याच्या मागचा पाईप आणि मफलर (म्हणजे आपल्याकडचा सायलेन्सर) काही तेवढे टिकत नाहीत. तुमच्याकडे रेंजर ४.०, शेवीची ४.३ किंवा टोयोटा टॅकोमाची ३.४ किंवा ४.० व्ही-६ (सहा सिलेंडर, पण व्ही आकारात मांडलेले) असली तरी खालचं जवळजवळ सगळं तसंच लागू आहे.

मी पहिल्यांदा मफलर घेतला तेव्हा व्हिडिओ बघून घेतला आणि चुकलो, ते पुढे सांगतो. आधी काम.

आधी बघा, मफलरच गेलाय ना

हे लोक करत नाहीत आणि पैसे घालवून बसतात. गाडी थंड असताना स्टार्ट करा. इंजिनच्या बाजूने टक-टक-टक असा आवाज येतोय आणि गाडी गरम झाली की कमी होतोय, तर लीक पुढे मॅनिफोल्डला, म्हणजे सिलेंडरांतला धूर गोळा करून पाईपात सोडणाऱ्या भागाला आहे, मागे कितीही भारी मफलर लावा तो आवाज जाणार नाही. ४.९ मध्ये तर दोन ओतीव मॅनिफोल्ड असतात, पुढच्या तीन सिलेंडरला एक आणि मागच्या तीनला एक, त्यामुळे तिथे नीट बघा, एखादा स्टड तुटलेला असतो. पत्र्याचा थरथर आवाज येत असेल तर बऱ्याचदा नुसती हीट शील्ड (पाईपची उष्णता अडवणारा पत्रा) सुटलेली असते, मोठा होज क्लॅम्प घेऊन शील्डसकट पाईपभोवती गुंडाळून आवळला की दोन-तीन डॉलरमध्ये काम होतं. मफलरला रबरी हातोडीने हळू टिचकी मारा, आतून खुळखुळ वाजलं तर आतले पडदे सुटलेत. आणि खालून हात लावल्यावर (गाडी पूर्ण थंड असताना!) गंजाचे पापुद्रे पडत असतील, शिवणीवर काळे डाग असतील, तर मग हो, मफलर बदलायचाच.

गंज आतून लागतो हे मला इथे आल्यावर कळलं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं, आणि तुम्ही रोज नुसतं दहा मिनिटं दुकानापर्यंत जाऊन येत असाल तर मफलर तेवढा तापतच नाही, पाणी आत साचतं. बाहेरून मीठ, आतून पाणी. म्हणून कमी चालणाऱ्या गाडीचा मफलर जास्त चालणाऱ्या गाडीपेक्षा लवकर सडलेला दिसतो.

मग पाईप मोजा, आणि कागदावर लिहा

मफलरसाठी पाच माप लागतात: आत येणाऱ्या पाईपचा व्यास, बाहेर जाणाऱ्याचा व्यास, मफलरच्या डब्याची लांबी, दोन्ही टोकांसकट एकूण लांबी, आणि पाईप मधोमध आहे की एका बाजूला. हे शेवटचं नवीन माणूस हमखास विसरतो. एका टोकाला मधोमध आणि दुसऱ्या टोकाला बाजूला असंही असतं, तसाच नाही आणला तर पाईप जुळता जुळत नाही.

कॅलिपर (व्यास मोजायचं साधन) नसेल तर शिवणकामाची टेप पाईपभोवती गुंडाळा. घेर साधारण ६.३ इंच आला तर पाईप २ इंची, ७.१ आला तर सव्वादोन इंची, ७.९ च्या आसपास आला तर अडीच इंची. गंजाचा थर आधी तारेच्या ब्रशने काढा, नाहीतर माप फुगून येतं.

आणि मफलरच्या डब्यावर जे २.२५ किंवा २.५ लिहिलेलं असतं ते आतल्या व्यासाचं आहे की बाहेरच्या ते नीट वाचा. मफलरचं तोंड तुमच्या पाईपवर टोपीसारखं बसणार असेल तर तोंडाचा आतला व्यास तुमच्या पाईपच्या बाहेरच्या व्यासाएवढा पाहिजे. दोन्हीकडे बाहेरचा व्यास सारखा आला तर एकात एक जाणार नाही, मग अडॅप्टर घ्या नाहीतर पाईप फुगवून घ्या, आणि तोपर्यंत रविवार संध्याकाळचे पाच वाजलेले असतात आणि दुकान बंद.

मोठा पाईप घेऊ नका

सगळे सांगतील की मोठा पाईप टाक, गाडी मोकळी होईल, पॉवर वाढेल. माझ्या गाडीचं इंजिन साधारण १५० हॉर्सपॉवरचं. ढोबळ हिशोब असा की एका हॉर्सपॉवरला मिनिटाला २.२ घनफूट वायू जायला जागा लागते, म्हणजे मला लागते ३३० च्या आसपास. सव्वादोन इंची पाईपमधून त्याच ढोबळ हिशोबाने ४०० जातो. म्हणजे सव्वादोनमध्येच भरपूर झालं, अडीच म्हणजे चैन, आणि तीन इंची पाईप हा व्ही-८ वाल्यांचा, म्हणजे आठ सिलेंडरवाल्यांचा विषय आहे. या सहा सिलेंडरची सगळी मजा खालच्या आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आहे, ओढ २००० आरपीएमलाच पूर्ण मिळते, तिथे तीन इंची पाईपने काही हाताला लागत नाही, फक्त आवाज पोकळ डबा वाजवल्यासारखा होतो. टॅकोमाची ४.० सारखी दोनशेच्या वर हॉर्सपॉवरची व्ही-६ असेल तर अडीच इंच योग्य.

जो पाईप कंपनीने दिलाय त्याच मापाचा मफलर घ्या. सर्वात स्वस्तही तेच पडतं, कारण पाईप कापाकापी नाही.

आवाजाचं गणित, इथे थोडा वेळ द्या

माझी चूक इथे झाली. मला एक मफलर आवडला, व्हिडिओत कुणाच्या तरी गाडीवर काय भारी वाजत होता, खर्जातला, गोल. घेतला, लावला. गल्लीत छान वाटला. मग शिकागोला निघालो, आय-९४ ने साडेचार तासांचा रस्ता, आणि ६५ मैलांच्या वेगाला आल्यावर केबिनमध्ये जो घुमायला लागला की विचारू नका, कानाला दडे बसले, बायको बोलत होती ते मला ऐकू येत नव्हतं, पोरगं मागे कान धरून बसलेलं. परत आल्यावर दुसऱ्याच शनिवारी काढून टाकला. मफलर वाईट नव्हता. तो व्हिडिओ व्ही-८ चा होता.

फरक असा. चार स्ट्रोकच्या इंजिनात सहा सिलेंडर असतील तर क्रँकच्या एका फेऱ्यात तीन वेळा धूर बाहेर फेकला जातो, आठ सिलेंडर असतील तर चार वेळा. हायवेला गाडी १८०० आरपीएमवर चाललीये म्हणजे सेकंदाला ३० फेरे, तीसत्रिक नव्वद, तुमच्या एक्झॉस्टचा मुख्य सूर ९० हर्ट्झ. व्ही-८ चा त्याच आरपीएमला १२०. म्हणजे तोच मफलर, तोच वेग, पण त्याला जो सूर गिळायचाय तो वेगळा, आणि ९० हा जास्त खालचा सूर आहे, जो अडवायला अवघड आणि बंद केबिनमध्ये घुमायला सोपा. यालाच इथले लोक ड्रोन म्हणतात. उलट गाडी जोरात दाबली की सहा सिलेंडरचा, विशेषतः व्ही-६ चा, आवाज फाटतो, पत्रा ओरबाडल्यासारखा होतो, तो वरच्या सुरांचा त्रास. म्हणजे दुखणी दोन आणि दोघांची औषधं वेगळी: खालचा सूर अडवायला मफलरमध्ये जागा लागते, कप्पे लागतात, मोठा डबा लागतो. वरचा फाटका सूर शोषायला जाळीच्या पाईपभोवती भरलेली काचलोकर किंवा तत्सम भराव लागतो.

म्हणून व्हिडिओ बघायचाच असेल तर तुमच्याच इंजिनचा बघा, आणि गाडी उभी करून रेस केलेला नको, चालत्या गाडीत आत बसून घेतलेला बघा.

प्रकार

दुकानात साधारण चार प्रकार दिसतात.

ग्लासपॅक सर्वात स्वस्त. सरळ जाळीचा पाईप, भोवती काचलोकर, चेरी बॉम्बचे लाल नळकांडे सगळ्यांनी पाहिलेले असतात. अडवतो फार थोडं, आणि काचलोकर जळत जाते तसा वर्षागणिक आवाज वाढतच जातो. सहा सिलेंडरवर हा फाटकाच वाजतो. गावाकडे बुलेटची पुंगळी काढल्यावर जसं वाटतं त्याच जातीचं. पुण्यात पोलीस असले जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली घालतात ते उगाच नाही. मी घेणार नाही, तुम्हालाही सांगणार नाही.

कप्प्यांचा मफलर, म्हणजे आत भराव नाही, फक्त वेल्ड केलेले पडदे. फ्लोमास्टरची ४० सिरीज, थ्रशचा वेल्डेड हे यातले. दणकट, भराव नाही म्हणून जळायचं काही नाही, पण छोट्या डब्यातला घेतला तर हायवेला घुमायचा धोका सर्वात जास्त यातच. याच प्रकारात घ्यायचा असेल तर फ्लोमास्टरची ५० किंवा ७० सिरीज बघा, त्या शांत आहेत, ७० चा डबा मोठा आणि मुळात पिकअपसाठीच आहे, फक्त किंमत चढते.

टर्बो मफलर. नाव ऐकून गोंधळू नका, टर्बोचार्जरशी संबंध नाही, १९६० च्या दशकातल्या टर्बोवाल्या शेवी कोर्व्हेअरच्या मफलरवरून हे नाव चिकटलं. यात वायू इंग्रजी एस सारखा वळून जातो, जाळी असते, थोडा भराव असतो, म्हणजे खालचं आणि वरचं दोन्ही थोडं थोडं सांभाळतो. डायनोमॅक्सचा सुपर टर्बो, थ्रशचा टर्बो. सहा सिलेंडरच्या कामाच्या गाडीला कमी पैशात माझ्या मते हाच. मी दुसऱ्यांदा हाच प्रकार लावला आणि अजून तोच आहे, थोडा खर्ज आहे, पण हायवेला माणसं बोलू शकतात.

आणि चौथा कंपनीसारखा शांत मफलर, वॉकरचा क्वाएट-फ्लो वगैरे. आवाजाची हौस नसेल तर सरळ हा घ्या, बहुतेकदा थेट तुमच्या गाडीच्या मापाचा मिळतो, कापाकापी नाही. मॅग्नाफ्लोसारखे स्टेनलेसचे सरळ आरपार मफलर चांगले असतात पण स्वस्त म्हणता येणार नाही.

एकाच प्रकारातले दोन मफलर समोर असतील तर लांब आणि जाड डबा असलेला उचला. १४ इंची डब्यापेक्षा १८ इंची शांत वाजणार, जागा असेल तर द्या त्याला. ४.९ च्या एफ-१५० मध्ये प्रवाशाच्या बाजूला खाली भरपूर जागा असते.

पत्रा कोणता

साधं लोखंड घेऊ नका, मिठाच्या राज्यात फार लवकर सडतं. अॅल्युमिनियमचा मुलामा दिलेलं स्टील म्हणजे अॅल्युमिनाइज्ड, स्वस्तात तेच योग्य. फक्त जिथे कापता किंवा वेल्ड करता तिथे मुलामा जातो, त्या जागेवर जास्त तापमानाचा रंग मारा. ४०९ स्टेनलेस त्याच्या वर, वरून तांबूस दिसायला लागतं पण लवकर भोक पडत नाही. ३०४ सर्वात टिकाऊ आणि सर्वात महाग. चुंबक खिशात ठेवा, ४०९ ला चिकटतो, ३०४ ला जवळजवळ नाही, म्हणजे जुन्या बाजारात कुणी ३०४ सांगून विकत असेल तर तिथल्या तिथे कळतं. टेक्सास, अॅरिझोनात असाल तर पत्र्याचा एवढा विचारच करू नका.

कायदा, थोडक्यात

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या डब्याला हात लावायचा नाही. तो काढणं संपूर्ण अमेरिकेत बेकायदेशीर आहे. मफलर त्याच्या मागे असतो, तो बदलायला हरकत नाही, पण मफलर असलाच पाहिजे. कॅलिफोर्नियात ६००० पौंडांच्या आतल्या गाड्यांना ९५ डेसिबलची मर्यादा आहे. मिशिगनमध्ये वार्षिक तपासणी नाही, पेनसिल्व्हेनियात आहे आणि तिथे एक्झॉस्ट गळत असेल तर गाडी पास होत नाही. आपल्या राज्याचं बघून घ्या.

विकत घेणं

माझं बजेट सगळं मिळून १५० डॉलर होतं आणि त्यात बसलं. नुसता मफलर बघू नका, सोबत दोन बँड क्लॅम्प (जोड आवळायच्या रुंद पट्ट्या), दोन रबरी हँगर (मफलर गाडीखाली टांगायला) आणि गंज सोडवायचा स्प्रे हेही त्याच हिशोबात धरा. रॉकऑटो या ऑनलाइन दुकानात किमती कमी दिसतात पण मफलर हा मोठा डबा आहे, शिपिंग मिळवून मग जवळच्या ऑटोझोन किंवा ओरायलीच्या किमतीशी तुलना करा. आणि परत करायची वेळ आली तर दुकानात नेऊन देता येतो, ऑनलाइनमध्ये परतीचं भाडं आपल्याच गळ्यात.

स्वतः करायचं नसेल तर साखळीवाल्या मोठ्या गॅरेजपेक्षा एखादं नुसतं मफलरचं काम करणारं छोटं दुकान शोधा, मफलर आपला न्या आणि नुसत्या मजुरीचा आकडा आधी विचारा. मफलर कापून नवा वेल्ड करणं हे त्यांच्यासाठी तासाभराच्या आतलं काम असतं.

बसवणं

आदल्या रात्री सगळ्या जुन्या नटबोल्टवर स्प्रे मारून ठेवा. सकाळी परत मारा. गाडी सपाट काँक्रीटवर, मागच्या चाकांना ओंडका, आणि जॅकवर कधीच खाली जायचं नाही, जॅक स्टँड किंवा रॅम्प हवाच. डोळ्यांवर गॉगल. गंजाचा चुरा थेट डोळ्यात पडतो, चष्मा आहे म्हणून चालवून घेऊ नका.

कापायच्या आधी वर आणि बाजूला काय आहे ते बघा. ब्रेकची आणि पेट्रोलची नळी जवळून जाते, आणि मिठाने तीही कुजलेली असते, पान्याचा धक्का लागला तरी फुटते. पेट्रोलच्या टाकीजवळ टॉर्चने तापवणं नाही, अजिबात नाही.

जुन्या मफलरच्या तोंडाला लागून कापा, पाईप जास्तीत जास्त शिल्लक ठेवा. कापल्यावर कमी पडला तर वाढवायला पैसे, जास्त उरला तर पुन्हा कापता येतो. नवीन तोंड पाईपवर दीड-दोन इंच तरी चढलं पाहिजे. मफलरला दिशा असते, आत यायची बाजू कुठली ते लिहिलेलं असतं किंवा बाण असतो, उलटा लावू नका. पाणी गळायचं बारीक भोक असेल तर ते खाली आलं पाहिजे. ते लीक समजून बुजवणारे लोक मी पाहिलेत, बुजवू नका.

यू-बोल्टचे क्लॅम्प स्वस्त पण पाईप चेमटवतात, पुढच्या वेळी सुटत नाही, म्हणून रुंद बँड क्लॅम्प घ्या, त्यात कंजूषी नको. आधी सगळं सैल बसवा, हँगरवर टांगा, पाईप कशाला टेकत नाही ना ते बघा, मग पुढून मागे आवळत या. मफलर हलवून बघा, थोडा झुलला पाहिजे, पण फ्रेम, शॉक अॅब्झॉर्बर आणि स्टेपनीपासून सगळीकडे दोन बोटं तरी अंतर हवं. वेल्डिंग करणार असाल तर बॅटरीचं निगेटिव्ह आधी काढा.

आणि शेपटीचा पाईप गाडीच्या बाहेर काढा. पैसे वाचवायला तो मफलरलाच संपवून धूर बेडखाली, म्हणजे मागच्या सामानाच्या हौद्याखाली सोडतात, हे कृपा करून करू नका. पिकअपला मागची सरकती काच असते, थंडीत गाडी चालू ठेवून लोक आत बसतात, कार्बन मोनॉक्साइडला वास नाही. पोरं मागच्या सीटवर बसतात हो.

लीक तपासायला व्हॅक्यूम क्लीनरची फुंकायची बाजू थंड गाडीच्या टेलपाईपला लावा, कापडाने फट बंद करा, आणि जोडांवर साबणाचं पाणी शिंपडा. बुडबुडे आले तर तिथे आवळा. मग स्टार्ट. पहिली पंधरा-वीस मिनिटं धूर आणि तेलकट वास येईल, नव्या पत्र्यावरचं तेल जळतं ते, बाहेर उघड्यावरच करा.

हायवेला अजूनही थोडं घुमत असेल तर लगेच मफलर बदलू नका. आवाज फाटका असेल तर मफलरच्या मागे एक छोटा रेझोनेटर (आवाज आणखी कमी करणारा जोड-डबा) वेल्ड करून घेतला की बराच निवतो. खर्जात घुमत असेल तर एका बाजूने बंद असलेली नळी पाईपला फाट्यासारखी जोडतात. ९० हर्ट्झला, गरम धुराचा हिशोब धरून, ती साधारण सव्वा ते दीड मीटर लांब येते, मफलरवाल्याला सांगितलं तर तो उरलेल्या पाईपातूनच करून देतो.

पहिल्यांदा गाडी पूर्ण गरम होऊन थंड झाली की क्लॅम्प पुन्हा आवळा, आणि शंभरेक मैल झाल्यावर आणखी एकदा, कारण तापून-निवून ते सैल होतातच. माझा मागचा क्लॅम्प दोन्ही वेळेला पाऊण फेरा फिरला होता.